विश्लेषण : पाण्याच्या ताणातही घाटे भरणारा हरभरा कसा घडला? एका वाणामागे इतके देश, इतक्या संस्था कशासाठी?

पावसाळा संपला की जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर कोरडवाहू शेतकरी हरभरा पेरतो. त्यानंतर पाऊस येईलच याची खात्री नसते आणि पाणी द्यायला विहीर असेलच असेही नाही. हरभऱ्याचे घाटे भरायला लागतात नेमके तेव्हाच जमिनीतला ओलावा संपत आलेला असतो. या शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पीक तरले तर उत्पादन, नाहीतर चारा. याच टप्प्यात तग धरू शकेल असे ‘पुसा चिकपी १०२१६’ हे वाण २०१९ मध्ये देशाच्या मध्य विभागासाठी प्रसारित झाले. त्यात महाराष्ट्राचाही समावेश आहे. या वाणामागे दिल्ली, हैदराबाद, कॅलिफोर्निया, शेंझेन आणि कॅनडा अशा ठिकाणी झालेले संशोधन आहे. एका कडधान्याच्या एका गुणधर्मासाठी एवढा खटाटोप का करावा लागला आणि त्याचे फळ शेतापर्यंत पोहोचायला इतका वेळ का लागतो, याचा हा आढावा.

हरभऱ्याला शेवटच्या टप्प्यात काय होते?

जगात पिकणाऱ्या हरभऱ्यापैकी जवळपास दोन तृतीयांश एकट्या भारतात पिकतो. देशाच्या एकूण कडधान्य उत्पादनातही त्याचा वाटा साधारण निम्मा आहे. महाराष्ट्रात २० लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर हे पीक घेतले जाते आणि मध्य प्रदेश, राजस्थानबरोबर राज्याचे नाव आघाडीच्या उत्पादकांत असते. तरीही हे बागायतदाराच्या लाडाचे पीक नव्हे. सोयाबीन, मूग किंवा उडीद निघाल्यावर, काही भागांत खरिपात पडीक राहिलेल्या काळ्या रानात, उरल्यासुरल्या ओलीवर ते येते.

काळी माती पाणी धरून ठेवते, पण हे पाणी वरून खाली आटत जाते. पेरणीच्या वेळी वरच्या थरात असलेली ओल फुलोऱ्यापर्यंत खाली सरकते. जमीन भेगाळू लागते, ऊन वाढते. झाडाकडे अशा वेळी दोन मार्ग असतात. खोलवर जाऊन पाणी शोधायचे, किंवा असलेले पाणी आधीच्या दिवसांत जपून वापरून घाटे भरण्याच्या वेळेसाठी राखायचे. दोन्ही न जमणारे झाड फुले गाळते, घाटे पोकळ राहतात आणि दाणा सुरकुततो. शास्त्रज्ञ याला ‘हंगामाच्या शेवटचा दुष्काळ’ म्हणतात. पावसाळ्यातल्या खंडापेक्षा तो वेगळा असतो. खंडानंतर पाऊस पुन्हा येऊ शकतो, या दुष्काळात तो येत नाही.

यावर पूर्वापार एक तोडगा होता : लवकर येणारे वाण. दुष्काळ गाठण्याआधीच पीक काढून मोकळे व्हायचे. जबलपूरचे जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आणि हैदराबादजवळ पटांचेरू येथील इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून आणलेल्या ‘जेजी ११’ या वाणाने आंध्रात हरभऱ्याचे चित्र पालटले ते याच जोरावर. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांच्या सहकार्यातून आलेला ‘जॅकी ९२१८’ विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या तोंडी आहेच. पण लवकर येण्यालाही मर्यादा असते. पिकाचे दिवस कमी केले की दाणे भरायचे दिवसही कमी होतात, आणि चांगल्या वर्षी मिळू शकणारे जास्तीचे उत्पादन हातचे जाते. म्हणून ताण सोसणारे झाड हवे होते.

‘आयसीसी ४९५८’ कुठून आला?

इक्रिसॅटच्या जनुकपेढीत हरभऱ्याचे वीस हजारांहून अधिक नमुने आहेत. थंड खोलीत ठेवलेल्या या बियाण्यांच्या पाकिटांवर नावे नसतात, क्रमांक असतात. त्यातला ४९५८ क्रमांकाचा नमुना गेल्या शतकाच्या उत्तरार्धात दुष्काळ सोसण्याच्या चाचण्यांत नजरेत भरला. शेकडो नमुने कोरड्या रानात लावून पाहिल्यावर तो इतरांपेक्षा बरा टिकला. मुळे उकरून, धुऊन, वाळवून वजन केल्यावर दिसले की त्याचे मूळ इतरांपेक्षा लवकर आणि जास्त वाढते.

मुळांचा अभ्यास हे अत्यंत किचकट काम आहे. दाण्याचे वजन कोणीही करील. पण मीटरभर खोलीपर्यंत गेलेली बारीक तंतुमुळे न तोडता मातीतून काढायची, तीही हजारो झाडांची, म्हणजे माणसांचे आणि दिवसांचे हिशेब कोलमडतात. त्यामुळे ‘चांगले मूळ’ असलेले झाड प्रत्येक पिढीत उकरून निवडणे पैदासकाराला शक्य नव्हते. उकरले की ते झाड मरते, मग त्याचे बी कुठून घ्यायचे? पेचप्रसंग असा होता. गुण माहीत होता, दाताही माहीत होता. पण तो गुण नव्या वाणात उतरला की नाही हे पाहण्याचा सोपा मार्ग नव्हता.

तो मार्ग डीएनएमधून निघाला. आयसीसी ४९५८ चा संकर दुष्काळात लवकर कोमेजणाऱ्या दुसऱ्या नमुन्याशी करण्यात आला. त्यांच्या वंशजांपैकी कोणते झाड ताणात टिकते आणि त्या झाडांच्या डीएनएचा कोणता तुकडा कोणत्या जनकाकडून आला आहे, याची जोडणी लावण्यात आली. हरभऱ्यात गुणसूत्रांच्या आठ जोड्या असतात. त्यातील चौथ्या जोडीवर एक पट्टा असा सापडला, की मुळांची वाढ, झाडाचा जोम, दाण्याचे वजन अशा बारा गुणधर्मांशी त्याचा संबंध होता. एका गुणधर्माबाबत तर झाडाझाडांतील फरकापैकी सुमारे ५८ टक्के फरक या पट्ट्याशी निगडित निघाला. संशोधकांनी या पट्ट्याला ‘हॉटस्पॉट’ म्हटले. २०१४ मध्ये हे निष्कर्ष सविस्तर प्रसिद्ध झाले.

बातम्यांमध्ये याला कधी कधी ‘दुष्काळाचे जनुक’ म्हटले जाते, ते चूक आहे. असे एक जनुक नाही. हा अनेक जनुके असलेला पट्टा आहे, आणि त्यातले नेमके कोणते जनुक काय करते यावर नंतरही काम चालू राहिले. किंबहुना पुढच्या अभ्यासांनी मूळ समजुतीलाच थोडा धक्का दिला. केवळ मुळे खोल जातात म्हणून फायदा होतो असे सरसकट म्हणता येत नाही. झाडाच्या पानांचा विस्तार किती वेगाने होतो आणि ते पाणी कोणत्या गतीने खर्च करते, यांवरही हा पट्टा परिणाम करतो, असे दिसले. शेतकऱ्याच्या दृष्टीने यातला अर्थ साधा आहे. खोल काळ्या जमिनीत खाली पाणी असेल तर मूळ कामी येईल. हलक्या मुरमाड रानात खाली काहीच नसेल तर मूळ कितीही खोल जाऊन उपयोग नाही.

जनुकसंच वाचल्याने काय साधले?

जानेवारी २०१३ मध्ये हरभऱ्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. इक्रिसॅट, कॅलिफोर्निया विद्यापीठाची डेव्हिस शाखा आणि चीनमधील बीजीआय-शेंझेन या संस्थांच्या पुढाकाराने १० देशांतील २३ संस्थांचे ४९ शास्त्रज्ञ त्यात सहभागी होते. राजीव वार्ष्णेय आणि डग्लस कुक ही त्यातली प्रमुख नावे. वाचनासाठी निवडलेले वाण होते कॅनडातले ‘सीडीसी फ्रंटियर’, म्हणजे आपण छोले म्हणतो तो काबुली हरभरा. त्यात २८ हजार २६९ जनुके असावीत असा अंदाज निघाला.

त्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्थेच्या गटाने देशी हरभऱ्याचा आराखडा स्वतंत्रपणे मांडला, आणि त्यासाठी वापरला तो आयसीसी ४९५८ हाच नमुना. सहकार्य म्हटले की सगळे एकाच छत्राखाली गुण्यागोविंदाने बसलेले असतात असे नाही, स्पर्धाही असते. हरभऱ्याच्या बाबतीत ती उपयोगीच ठरली, कारण देशी आणि काबुली अशा दोन्ही प्रकारांचे आराखडे हाती आले आणि दोन्ही खुले होते.

एकच आराखडा म्हणजे एका माणसाचे छायाचित्र पाहून साऱ्या गावाचा चेहरा ठरवण्यासारखे. म्हणून पुढचा टप्पा संख्येचा होता. २०१९ मध्ये ४५ देशांतील ४२९ वाणांचे आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ६० देशांतील तब्बल ३ हजार ३६६ नमुन्यांचे वाचन प्रसिद्ध झाले. ‘नेचर’मधील या दुसऱ्या अभ्यासात ४१ संस्थांचे ५७ संशोधक होते. लागवडीखालील ३ हजार १७१ आणि रानटी १९५ नमुने त्यांनी तपासले. एकूण २९ हजार ८७० जनुके नोंदवली गेली, त्यातली १ हजार ५८२ आधी माहीत नव्हती.

या आकड्यांपलीकडे त्या अभ्यासाने हरभऱ्याचा इतिहासही उलगडला. लागवडीचा हरभरा आपल्या रानटी नातेवाइकापासून सुमारे १२ हजार ६०० वर्षांपूर्वी वेगळा झाला. माणसाने तो पिकवायला घेतल्यावर त्याची विविधता घटत गेली आणि सुमारे हजार वर्षांपूर्वी तळाला पोहोचली. गेल्या चारशे वर्षांत ती पुन्हा वाढली. आज जगभर पेरला जाणारा हरभरा हा एका अरुंद दारातून बाहेर पडलेल्या मोजक्या कुळांचा विस्तार आहे. नवा रोग आला किंवा उष्णता वाढली तर या कुळांत उत्तर सापडेलच अशी हमी नाही, ती यामुळेच.

मग नवे वाण प्रत्यक्षात कसे तयार झाले?

आराखडा संगणकावर असतो, वाण मात्र शेतातच घडवावे लागते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने (पुसा) आपले जुने, नावाजलेले ‘पुसा ३७२’ हे वाण निवडले. शेतकऱ्यांना ते परिचित होते, मात्र ताणात कमी पडत होते. त्यात आयसीसी ४९५८ चा फक्त तो पट्टा आणायचा आणि बाकी सारे पुसा ३७२ चेच ठेवायचे, असे ठरले.

हरभऱ्याचे फूल उमलण्याआधीच आतल्या आत परागीभवन उरकते. त्यामुळे संकर करायचा तर कळी उमलण्यापूर्वी चिमट्याने उघडून आतले पुंकेसर एकेक करून काढावे लागतात आणि दुसऱ्या झाडाचे पराग तिथे लावावे लागतात. कळी मुगाच्या दाण्याहून फार मोठी नसते. जरा हात हलला की ती गळून पडते. हाताळलेल्या कळ्यांपैकी बऱ्याच वाया जातात, आणि जी टिकते तिच्या घाट्यात एक किंवा दोन दाणे मिळतात. जगातले सगळ्यात आधुनिक जनुकशास्त्र शेवटी या एका-दोन दाण्यांवर येऊन थांबते.

पहिल्या संकरात दोन्ही जनकांचा वाटा निम्मा निम्मा असतो. त्या झाडाचा पुन्हा पुसा ३७२ शी संकर केला की मूळ वाणाचा वाटा सरासरी ७५ टक्के होतो; पुन्हा केला की ८७.५, आणखी एकदा केला की जवळपास ९४ टक्के. प्रत्येक फेरीत भीती असते ती हवा असलेला पट्टाच निसटून जाण्याची. पूर्वी ते कळायला झाड मोठे करून, ताण देऊन, मुळे उकरून पाहावे लागे. आता रोपटे चार पानांचे असतानाच पानाचा छोटा तुकडा तपासून पट्टा आहे की नाही ते सांगता येते. या खुणेला ‘मार्कर’ म्हणतात. नको असलेली रोपे तिथल्या तिथे उपटून टाकता येतात, जागा आणि वर्षे वाचतात.

या पद्धतीने आलेल्या पुसा चिकपी १०२१६ चे सरासरी उत्पादन हेक्टरी १ हजार ४४७ किलो नोंदवले गेले, म्हणजे एकरी सहा क्विंटलच्या थोडे आत. पाण्याच्या ताणात ते पुसा ३७२ पेक्षा ११.९ टक्क्यांनी जास्त होते. शेतकऱ्याच्या भाषेत, एकरी साठ-बासष्ट किलोंचा फरक. हा आकडा ऐकून कोणी उडी मारणार नाही. पण ज्या वर्षी पीक हातचे जाण्याची शक्यता असते, त्या वर्षी हे साठ किलो मिळकतीत मोजायचे की टळलेल्या नुकसानीत, हे ज्याचे त्याने ठरवावे. हे वाण साधारण ११० दिवसांत येते आणि मर रोगालाही मध्यम प्रतिकारक आहे.

त्याच वर्षी आलेले ‘सुपर अन्नीगेरी-१’ हे दुसरे वाण रायचूरच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या साथीने तयार केले. कर्नाटकात घराघरांत माहीत असलेल्या ‘अन्नीगेरी-१’ला मर रोगाने ग्रासले होते, त्यात ‘डब्ल्यूआर ३१५’ या नमुन्यातील रोगप्रतिकारकता याच पद्धतीने उतरवण्यात आली. त्याची शिफारस महाराष्ट्रासाठीही आहे. मर रोगाची बुरशी पीक नसतानाही जमिनीत पाच-सहा वर्षे टिकते, त्यामुळे ज्या रानात ती एकदा शिरली तिथे प्रतिकारक बियाण्याला पर्याय जवळपास नसतो. पुढे २०२२ मध्ये आयसीसी ४९५८ चा पट्टा असलेले ‘पुसा जेजी १६’ आले. त्यात जबलपूर आणि ग्वाल्हेरची कृषी विद्यापीठेही सहभागी होती. आपल्याकडच्या जेजी ११ मध्ये तोच पट्टा घालून तयार केलेल्या वाणांची इथिओपिया, केनियातही चाचणी झाली.

हे जीएम बियाणे आहे का?

नाही. बीटी कपाशीत जिवाणूचे जनुक प्रयोगशाळेत झाडात घातले जाते. इथे हरभऱ्याचा हरभऱ्याशी संकर झाला आहे, तोही परागांनी. डीएनए तपासला गेला तो फक्त निवड करताना, झाडात बाहेरचे काही घातले गेले नाही. त्यामुळे जीएम पिकांना लागणाऱ्या परवानग्या याला लागत नाहीत आणि शेतकरी घरचे बी राखून पुढल्या वर्षी पेरू शकतो. हरभरा स्वपरागी असल्याने त्याच्या गुणांत फारसा फरकही पडत नाही. संकरित मक्यासारखे दरवर्षी बी विकत घ्यावे लागत नाही; खासगी कंपन्यांना हरभऱ्यात मका-कपाशीइतका रस नसण्याचे हेही एक कारण, आणि म्हणूनच या पिकाचा भार बहुतांशी सरकारी आणि आंतरराष्ट्रीय संस्थांवर आहे.

इतक्या संस्थांची गरज खरेच आहे?

डीएनए वाचणे दिवसेंदिवस स्वस्त आणि जलद होत गेले. महाग आणि संथ राहिले ते शेतातले मोजमाप. २०२१ च्या अभ्यासात सुमारे तीन हजार नमुने दोन हंगामांत सहा ठिकाणी लावून १६ गुणधर्म मोजण्यात आले. फुले कधी आली, घाटे किती, शंभर दाण्यांचे वजन किती. एकाच ठिकाणी लावून चालत नाही, कारण दिल्लीच्या थंडीत चांगले येणारे झाड मराठवाड्याच्या उबदार हिवाळ्यात तसेच येईल असे नाही. हे काम एका संस्थेच्या आवाक्यातले नाही. अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचे जाळे, त्यातली राहुरी, अकोला, बदनापूर यांसारखी केंद्रे, तिथले वर्षानुवर्षे नोंदवह्या भरणारे तंत्रसहायक आणि मजूर, यांच्याविना आराखड्यातील अक्षरांना अर्थ येत नाही. शोधनिबंधांच्या लेखकांत यातली बरीच नावे दिसत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

दुसरी गरज बियाण्यांची. सगळे नमुने एकाच ठिकाणी ठेवण्याचा धोका काय असतो ते सीरियात दिसले. हरभरा, मसूर, गहू यांच्या पश्चिम आशियाई नमुन्यांचा मोठा साठा ‘इकार्डा’ या संस्थेकडे अलेप्पोजवळ होता. यादवी सुरू झाल्यावर तिथे काम करणे अशक्य झाले. सुदैवाने बहुतेक नमुन्यांच्या प्रती नॉर्वेतील स्वालबार्डच्या बर्फाळ तिजोरीत आधीच पाठवलेल्या होत्या. २०१५ मध्ये त्या तिजोरीतून प्रथमच बियाणे परत काढण्यात आले, सुमारे ३८ हजार नमुने. ते लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरून वाढवले गेले आणि २०१७ पासून प्रती पुन्हा स्वालबार्डला जाऊ लागल्या.

तिसरी गरज आहे रानटी नातेवाइकांची. लागवडीच्या हरभऱ्याशी सहज संकर होणाऱ्या रानटी जाती फक्त आग्नेय तुर्कस्तान आणि लगतच्या पट्ट्यातल्या डोंगरउतारांवर आढळतात. त्यांचा दाणा बारीक, झाड जमिनीवर पसरणारे, घाटा वाळला की तडकून बी उडून जाते. शेतकरी ढुंकूनही पाहणार नाही असे हे झाड. पण अरुंद दारातून बाहेर न पडलेली विविधता तिथेच शिल्लक आहे. कुक यांच्या गटाने तुर्की शास्त्रज्ञांबरोबर २०१३ पासून तिथे मोहिमा काढून नवे नमुने गोळा केले. त्याआधी जगभरच्या पेढ्यांत असलेले या जातींचे बी मूळच्या मोजक्याच झाडांपासून वाढवलेले होते. तुर्कस्तानच्या परवानगीविना आणि तिथल्या संशोधकांविना हे काम होऊच शकले नसते.

बियाण्यावर आणि माहितीवर हक्क कोणाचा?

सहकार्याची खरी परीक्षा इथे आहे. २००४ मध्ये लागू झालेल्या वनस्पती जनुकीय संसाधनांच्या आंतरराष्ट्रीय करारात हरभऱ्याचा समावेश आहे आणि भारत त्याचा सदस्य आहे. या करारामुळे एका ठरावीक मसुद्यावर सही करून संशोधक एकमेकांकडून नमुने मागवू शकतात; प्रत्येक वेळी दोन सरकारांत नव्याने वाटाघाटी कराव्या लागत नाहीत. भारतात २००१ चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. त्यानुसार संरक्षित वाणाचेही बी राखणे, पेरणे, देवाणघेवाण करणे, विकणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. अट एवढीच की ते ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

प्रश्न उभा राहिला तो डीएनएच्या अक्षरांचा. बियाण्याचे पाकीट सीमा ओलांडते तेव्हा कागदपत्रे होतात. तीच माहिती संगणकावरून उतरवून घेताना काहीच लागत नाही. ज्या देशातल्या शेतकऱ्यांनी शतकानुशतके ते बी जपले, त्यांना त्यातून घडलेल्या नफ्यात वाटा कसा मिळणार, यावर आंतरराष्ट्रीय बैठकांत अनेक वर्षे वाद चालू आहे. विकसनशील देशांचा आक्षेप रास्त आहे. मात्र माहितीवर कुलूप लावले तर पहिला फटका हरभऱ्यासारख्या, कंपन्यांना फारसा रस नसलेल्या पिकांना बसेल, हेही तितकेच खरे. या पिकाच्या संशोधनाला आजवर पैसा मिळाला तो सरकारे, आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन निधी आणि गेट्स फाऊंडेशनसारख्या देणगीदारांकडून. देणगीदाराचे प्राधान्य बदलले की प्रकल्प थांबतो. नोंदवही मात्र दरवर्षी भरावी लागते.

कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत?

घाटे अळी हे पहिले उत्तर. लागवडीच्या हरभऱ्यात तिला ठामपणे तोंड देणारा नमुना मिळालेला नाही. दुसरे म्हणजे कोरडी मूळकूज. जमीन कोरडी आणि तापलेली असताना ही बुरशी जोर धरते; हिवाळे उबदार होत जातील तशी ती वाढण्याची भीती आहे आणि पूर्ण प्रतिकारक वाण अद्याप नाही. तिसरे, फुलोऱ्यातली उष्णता. पाणी असूनही पारा चढला की परागांची ताकद जाते आणि फूल गळते. दुष्काळ सोसणारा पट्टा उष्णताही सोसेल असे नाही. ते गुण वेगळे आहेत.

या कामाला वेग यावा म्हणून आता दिवसाला २२ तास कृत्रिम उजेड देऊन वर्षात हरभऱ्याच्या सहापर्यंत पिढ्या घेण्याचे तंत्र वापरले जाते. त्यामुळे संकरापासून पक्क्या वाणापर्यंतची वर्षे कमी होतात. शेतातल्या चाचण्यांची वर्षे मात्र कमी करता येत नाहीत, आणि करूही नयेत.

शेतकऱ्याच्या हाती बी कधी पडते?

वाण प्रसारित झाले याचा अर्थ दुकानात बी आले असा नसतो. पैदासकाराकडचे मूठभर बी आधी ‘पैदासकार बियाणे’ होते, त्यातून पुढच्या हंगामात ‘पायाभूत’ आणि त्याच्या पुढच्या हंगामात ‘प्रमाणित’ बियाणे तयार होते. हरभरा वर्षातून एकदाच येतो, म्हणजे प्रत्येक पायरीला एक वर्ष. शिवाय त्याचे बी वजनदार. हेक्टरी ७५ किलो पेरून १५ क्विंटल मिळाले असे धरले, तरी बियाणे वर्षाला वीस पटच होते. एक क्विंटल पैदासकार बियाण्याचे पहिल्या रब्बीत २० क्विंटल, दुसऱ्या रब्बीत ४०० क्विंटल. एवढ्यात तिसऱ्या रब्बीला जेमतेम साडेपाचशे हेक्टर पेरले जाईल. राज्यातील २० लाख हेक्टरांपुढे हा थेंब आहे. ज्वारी-बाजरीचे बी हेक्टरी दहा किलोही लागत नाही, त्यामुळे तिथे नवे वाण झपाट्याने पसरते. हरभऱ्याचे तसे नाही.

त्यात मागणीचा पेच. पैदासकार बियाण्याची मागणी राज्ये आणि महाबीजसारखी महामंडळे आधी नोंदवतात. ती नोंदवताना खपणाऱ्या वाणांकडे कल असतो, आणि खपते ते जे शेतकऱ्याला माहीत आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘विजय’ हे १९९० च्या दशकातले वाण आजही पेरले जाते. शेतकरी हटवादी असतो असे यावरून म्हणणे सोपे आहे. पण ज्याचे गुणदोष तीस वर्षे डोळ्यांसमोर आहेत ते वाण सोडून अनोळखी क्रमांकावर हंगाम लावायचा, तर त्याला ते पीक शेजारच्या बांधावर उभे दिसावे लागते. कृषी विज्ञान केंद्रांची आद्यरेषीय प्रात्यक्षिके त्यासाठीच असतात, मात्र ती मोजक्या गावांत होतात.

केंद्राच्या कडधान्य योजनेत दहा वर्षांच्या आतील वाणांच्या बियाण्याला जास्त अनुदान देण्याचे धोरण राहिले आहे. हेतू चांगला आहे : जुनी वाणे मागे पडावीत, नवी पुढे यावीत. पण बीजसाखळीची पहिली तीन वर्षे आणि ओळख व्हायची आणखी दोन-तीन वर्षे वजा केली, तर त्या दहापैकी जेमतेम चार-पाच वर्षे हातात राहतात. २०१९ मध्ये प्रसारित झालेल्या पुसा चिकपी १०२१६ आणि सुपर अन्नीगेरी-१ यांची दहा वर्षे २०२९ मध्ये पूर्ण होतील.